पत्रे धरून ठेवणारा जे-बोल्ट

शेडवर पत्रे टाकताय? मग हुक बोल्टकडे जरा नीट बघा. एका टोकाला आटे, दुसरं टोक वाकवलेलं. पर्लिन, म्हणजे पत्र्याखालची आडवी तुळई, पाइपची असेल तर 'जे' आकाराचा, अँगलची असेल तर 'एल'. आकडा खालून पर्लिनला अडकतो आणि वर नट आवळला की पत्रा घट्ट. पर्लिनला भोक पाडायची गरजच नाही, ही त्यातली खरी गंमत. भारतीय मानकातही याला स्वतंत्र क्रमांक आहे, आयएस ७३०.

पत्र्याला भोक मात्र नेहमी पन्हळीच्या उंचवट्यावर. खोलगट भागातून पाणी वाहतं, तिथं भोक म्हणजे गळतीला आमंत्रण. नटाखाली आधी लोखंडी वॉशर, त्याखाली डांबरी. हा डांबरी वॉशर बरेच जण पैसे वाचवायला गाळतात. माझ्या मते हा शुद्ध वेडेपणा. सिमेंटचा पत्रा असेल तर भोक ड्रिलनेच पाडा, खिळा ठोकून नाही, आणि बोल्टपेक्षा किंचित मोठं ठेवा. उन्हात पत्र्याला हलायला जागा लागते. नटही बेताने आवळा, नाहीतर तडा गेलाच समजा.

आता नवीन रंगीत पत्र्यांना बहुतेक सेल्फ ड्रिलिंग स्क्रूच लावतात. पण जुनी शेड असेल, तर पावसाळ्याआधी एकदा वर चढून गंजलेले बोल्ट आणि वाळलेले वॉशर बदलून घ्या. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, फळी टाका.