लाउडस्पीकरची पेटी व आजीची घोंगडी

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही चौघांनी लाउडस्पीकरची एक बंद पेटी तयार केली. प्लायवुडचे सांधे उत्तम बसले. आवाज मात्र रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येई. ‘प्रेक्षकहो’ हा शब्दही ओळखू येईना! कारण शोधू लागलो, तेव्हा ध्यानी आले, की लाउडस्पीकरच्या कागदी पडद्यामागून निघालेला ध्वनी पेटीच्या भिंतींवर आपटून परत फिरतो. आमच्या पेटीची आतील खोली ३० सेंटिमीटर. ध्वनीचा वेग सेकंदास ३४३ मीटर धरला, तर सेकंदास सुमारे ५७० कंपनांच्या स्वराची अर्धी लहर तीत नेमकी मावते. तो स्वर आत घुमत राहतो आणि बोलण्यातील स्वरांवर कुरघोडी करतो.

प्रथम आम्ही आतून थर्मोकोल चिकटविला. हलका, स्वस्त, पण उपयोग शून्य. त्याचे दाणे म्हणजे बंद फुगेच. ध्वनी शोषला जातो तो तंतूंच्या दाटीतून हवा मागेपुढे सरकताना होणाऱ्या घर्षणाने. त्यात ध्वनीची ऊर्जा उष्णतेत विरते. म्हणून वस्तू तोंडाशी धरून फुंकर घालावी. ती थोड्या कष्टाने का होईना, पलीकडे पोहोचली, तर वस्तू कामाची. लोकर, नमदा, पिंजलेला कापूस या कसोटीस उतरतात. ग्लासवूलही उत्तम, पण त्याची कुसे अंगाला खाजतात.

अखेर आमच्यापैकी एकाच्या आजीची जुनी घोंगडी आली. (परवानगी मागाहून घेतली.) ती भिंतीस चिकटविली, तरी घुमणे थोडेच उणावले. भिंतीलगत हवा हलूच शकत नाही. मग घर्षण कोठून होणार? त्या स्वरात हवेची हालचाल सर्वांत अधिक असते ती मध्यभागी, भिंतीपासून १५ सेंटिमीटरांवर. तेथे घोंगडीच्या सैल घड्या, पडद्यास स्पर्श न होईल अशा बेताने, टांगताच शब्द सुटे झाले.

आणखी एक मौज. न्यूटनने हवेतील ध्वनीचा वेग काढताना हवेचे तापमान बदलत नाही असे मानले, म्हणून त्याचे उत्तर सुमारे १५ टक्के कमी आले. पुढे लाप्लासने ती चूक दुरुस्त केली. परंतु तंतू भरलेल्या पेटीत दबलेल्या हवेची उष्णता तंतू झटकन घेतात. त्यामुळे खालच्या स्वरांपुरता न्यूटनचा हिशेब पुष्कळसा जमू लागतो आणि पेटी आहे त्याहून मोठी असल्यासारखी वागते. या लोभाने आम्ही कापूसही ठासून भरला, तो तबल्याचा बायाच मुका झाला! निम्मा कापूस काढावा लागला.

घोंगडी अद्याप पेटीतच आहे. आजींनी थंडी पडेपर्यंतची मुदत दिली आहे.