भिंतीवरचं आकाश: लघुरेल्वेच्या मागचा पडदा

मागच्या वेळी आपण लघुरेल्वेच्या टेबलाची लाकडी चौकट कशी उभी करायची ते पाहिलं. चौकट उभी राहिली की बहुतेकांचे हात रूळ टाकायला शिवशिवायला लागतात. आजचं व्याख्यान त्या हातांना थोडं थांबवण्यासाठी आहे. रूळ नंतर, आकाश आधी.

आकाश आधी का?

साधा हिशेब करू. आपण एचओ, म्हणजे १:८७ या प्रमाणात काम करतोय. टेबलाची रुंदी ६०० मिलिमीटर धरली आणि तिला ८७ने गुणलं, तर होतात ५२ मीटर. म्हणजे आपल्या छोट्या जगात रुळाच्या अलीकडची आणि पलीकडची मिळून जमीन आहे जेमतेम ५२ मीटर. त्यापुढे जग संपतं आणि घराची भिंत सुरू होते; तिच्यावरचं कॅलेंडर, विजेचं बटण, पोपडे. इंजिन कितीही सुंदर असलं तरी मागे विजेचं बटण दिसलं, की पाहणाऱ्याच्या लेखी ते खेळणंच राहतं.

दुसरं कारण हातांच्या आवाक्याचं. टेबलावरून वाकून माणसाचा हात साधारण ७०० ते ७५० मिलिमीटरपर्यंत नीट काम करू शकतो. पण मध्ये रूळ, सिग्नलच्या तारा, झाडं आणि स्टेशनची इमारत असेल, तर मागच्या भिंतीवर सांधा घासणं किंवा ओला रंग एकमेकांत मिसळवणं जवळपास अशक्य होतं. घरातली एकुलती एक मोकळी भिंत आपण या छंदाला देतो, पुढची कित्येक वर्षं संध्याकाळचे तास देतो. मागचं आकाश बिघडलेलं राहिलं तर ते दुरुस्त करायला निम्मा लेआउट उपटावा लागतो. म्हणून क्रम असा: चौकट, मग आकाश, मग दिवे, आणि त्यानंतर रूळ.

या वस्तूला इंग्रजीत बॅकड्रॉप म्हणतात. आम्ही मात्र नाटकवाल्यांचा शब्द वापरणार, पडदा; मग तो कापडाचा नसून फळीचा असला तरी. या शब्दामागे आपल्याकडे मोठं काम उभं आहे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे सिनेमाकडे वळण्याआधी संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत होते. तिकडे युरोपात रॉबर्ट बार्कर यांनी १७८७ साली गोल भिंतीवरच्या चित्राचं पेटंट घेतलं. पॅनोरामा हा शब्द त्याच प्रयोगासाठी घडवला गेला. गोल भिंतीला कोपरा नसतो, त्यामुळे चित्र कुठे संपतं ते डोळ्याला कळत नाही. हीच युक्ती आज आपल्याला घरात करायची आहे.

कोपरा काढून टाकायचा

खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती काटकोनात भेटतात आणि तिथे एक उभी रेघ तयार होते. दोन भिंतींवर उजेड वेगवेगळा पडतो, त्यामुळे रंग एकच असला तरी ती रेघ दिसतेच. आकाशात उभी रेघ नसते. म्हणून पडदा कोपऱ्यात गोल वळवायचा. वळणाची त्रिज्या निदान ४५० मिलिमीटर ठेवावी. ६०० जमली तर फारच छान.

एक उदाहरण घेऊ. दहा बाय बाराची खोली, दोन भिंतींलगत काटकोनात लेआउट. भिंती धरल्या ३.६ मीटर आणि ३ मीटर. कोपऱ्याला ६०० मिलिमीटर त्रिज्येचं वळण. सरळ भाग उरले ३ मीटर आणि २.४ मीटर. वळणाची लांबी काढायला त्रिज्येला १.५७ने गुणा, आली ०.९४ मीटर. एकूण पडदा ६.३४ मीटर.

आठ बाय चार फुटांचा हार्डबोर्ड उभा चिरला की दोन फूट उंचीच्या दोन पट्ट्या मिळतात, प्रत्येकी २.४४ मीटर लांब. आपल्याला तीन पट्ट्या लागतील, म्हणजे दोन शीट आणावे लागतील. आता महत्त्वाची गोष्ट: वळणावर सांधा येऊ द्यायचा नाही. वाकवलेली फळी सरळ व्हायला बघते, त्यामुळे तिथला सांधा हमखास उकलतो. म्हणून अख्खी पट्टी कोपऱ्यात घ्यायची: ०.७५ मीटर सरळ, मग ०.९४ वळण, पुन्हा ०.७५ सरळ. उरलेल्या दोन पट्ट्या दोन टोकांना, एक १.६५ मीटरची, दुसरी २.२५ची. तिन्हींची बेरीज बरोबर ६.३४ येते आणि दोन्ही सांधे सरळ भागात पडतात.

जाडी ३ मिलिमीटर पुरते. वळण याहून लहान घ्यायचं असेल तर सुताराकडून फ्लेक्सी प्लाय मागवा. ती अशा गोलाईसाठीच बनवतात.

मागे आधाराला दर ४०० मिलिमीटरवर उभी लाकडी रीप हवी, वळणावर त्याहून जवळजवळ. रिपा टेबलाच्या चौकटीला स्क्रूने जोडायच्या, भिंतीला नाही. याचे दोन फायदे. भाड्याच्या घरात भिंतीला एकही भोक पडत नाही. आणि घर बदलायची वेळ आली, तर आकाश टेबलासकट उचलता येतं. पडद्याची खालची कड टेबलाच्या पृष्ठभागाखाली ५० मिलिमीटर उतरवा, म्हणजे जमीन आणि आकाश यांच्यामध्ये फट राहत नाही.

सांधा आणि पावसाळा

हार्डबोर्ड काय, एमडीएफ काय, हवेतला दमटपणा पितात आणि फुगतात. मुंबई-कोकणात हे वेगळं सांगायला नको. म्हणून फळी लावण्याआधी दोन्ही बाजूंना आणि मुख्य म्हणजे कापलेल्या कडांना प्रायमरचा एक हात द्या. फक्त पुढची बाजू रंगवली तर फळी एका बाजूने ओल घेते आणि पोट काढते.

सांध्याच्या मागे १०० मिलिमीटर रुंद प्लायची पट्टी फेविकॉलने चिकटवून स्क्रूने आवळा. स्क्रूची डोकी आत बुडली पाहिजेत. पुढून फायबरची जाळीदार पट्टी चिकटवा, वर पुट्टी. पुट्टी एकदम जाड भरू नका. पातळ तीन थर, प्रत्येक थर वाळल्यावर पॉलिश पेपरने घासायचा. पुट्टीचा पट्टा दोन्ही बाजूंना हातभर पसरवत न्यायचा, म्हणजे उंचवटा जाणवत नाही. तपासायची रीत सोपी आहे: खोलीतले दिवे घालवा आणि टॉर्च फळीला अगदी लगटून धरा. एरवी न दिसणारा उंचवटा लगेच सावली टाकतो. ही परीक्षा प्रायमरनंतर करा. रंगानंतर केली तर उपयोग नाही.

आकाशाला निळं किती करायचं?

दुकानात जाऊन "आकाशी रंग द्या" म्हटलं तर जो डबा मिळतो तो बहुतेक वेळा फार गडद असतो. खरं आकाश एका रंगाचं नसतंच. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा खूप जास्त विखुरतात, म्हणून डोक्यावर निळं दिसतं. पण क्षितिजाकडे पाहताना आपली नजर डोक्यावरच्या तुलनेत सुमारे ३८ पट हवेतून जाते. तिथे प्रकाश पुन्हा पुन्हा विखुरतो, त्यात धूळ आणि बाष्प, आणि सगळं मिळून पांढुरकं होतं. म्हणून वर निळं, खाली जवळपास पांढरं. लेआउटवर आपल्याला दिसतो तो बहुतेक क्षितिजाजवळचाच तुकडा. त्यामुळे पडद्याचा खालचा अर्धा भाग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा फिकट ठेवा.

तीन डबे तयार करा, तिन्ही मॅट इमल्शनचे. चमकदार रंग अजिबात नको, कारण त्यात दिव्याचं प्रतिबिंब पडतं. पहिला डबा वरचा: मध्यम निळा, त्यात किंचित करडा. दुसऱ्यात पहिला अर्धा, पांढरा अर्धा. तिसऱ्यात पांढरा, त्यात थेंबभर निळा आणि थेंबभर मातकट पिवळा. आपल्या पडद्याचं क्षेत्रफळ चार चौरस मीटरही भरत नाही. एक लिटर इमल्शन एका हाताला साधारण दहा चौरस मीटर जातं, म्हणजे प्रत्येक रंग अर्धा लिटर केला तरी दोन हात होऊन उरतो. उरलेला टाकू नका. तोच रंग पुढे डोंगरात लागणार आहे, आणि ओरखडा पडला तर नेमकी तीच छटा परत जमवणं कठीण जातं.

हे काम दोघांचं. एक जण वरून निळा लावत येतो, दुसरा खालून पांढुरका. मधला रंग दोघांच्या मध्ये. रंग ओला असतानाच रुंद, जवळपास कोरड्या ब्रशने आडवे हात मारत तिन्ही एकमेकांत मिसळवायचे. एकेक मीटर पुढे सरकायचं आणि कड ओली असतानाच पुढचा मीटर सुरू करायचा. मध्येच चहाला थांबलात तर तिथे उभा पट्टा उमटलाच समजा. पंखा बंद ठेवा, दुपारची वेळ टाळा.

ढग काढायचेत? कमी काढा. ढगाचा तळ सपाट, माथा फुगीर. क्षितिजाकडे जाताना ढग लहान, चपटे आणि जवळजवळ. उजेड एकाच बाजूने. गाडी धावत असताना ज्या ढगाकडे लक्ष जातं, तो ढग चुकला.

क्षितिज आणि डोंगर

टेबल जमिनीपासून १२०० मिलिमीटरवर आहे आणि पाहणाऱ्याचे डोळे १५५० वर. फरक ३५० मिलिमीटर; गुणिले ८७, म्हणजे सुमारे ३० मीटर. आपण आपल्या छोट्या जगाकडे दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून पाहतोय. क्षितिज नेहमी डोळ्यांच्या उंचीवर असतं. हिशेबाने ते टेबलाच्या वर ३५० मिलिमीटरवर यायला हवं. पण मग आकाशाला जागाच उरत नाही. शिवाय लहान मूल पाहायला आलं की त्याचं क्षितिज रुळांच्या पातळीवर येतं. सगळ्यांना पटेल असं एक क्षितिज काढता येत नाही. उपाय असा की क्षितिजाची रेघ काढायचीच नाही, डोंगरांनी झाकायची.

इथे सह्याद्री मदतीला येतो. समजा, आपला लेआउट बोरघाटाचा आहे. १८६३ साली सुरू झालेला हा घाट, चढ ३७ला १. इथले डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेले आहेत, म्हणून माथे सपाट आणि अंगावर आडव्या पायऱ्या. युरोपातल्या पोस्टकार्डावरची टोकदार शिखरं इथे काढली तर खंडाळ्याचा माणूस लगेच ओळखेल. नागफणीचा सुळका मात्र काढा. तो नसेल तर घाट खंडाळ्याचा वाटणार नाही.

तीन रांगा पुरतात. सगळ्यात लांबच्या रांगेसाठी क्षितिजाचाच पांढुरका रंग घ्या आणि त्यात जेमतेम कळेल इतका निळा-करडा. मधल्या रांगेत थोडा हिरवा. जवळच्या रांगेत हिरवा जास्त, पण तोही टेबलावरच्या खोट्या गवतापेक्षा फिकटच. लांबचा डोंगर फिकट दिसतो त्याचं कारण तेच, मध्ये हवा आहे. त्या रांगेत एकही झाड सुटं दिसता कामा नये.

जमीन पडद्याला जिथे भिडते तिथे झाडांची रांग, बांध किंवा टेकाड ठेवा. रस्ता सरळ पडद्यात घुसवू नका. तो टेकाडामागे वळवून नाहीसा करा.

सावली

आकाशावर सावली पडत नाही. स्टेशनच्या छपराची सावली ढगावर दिसली तर आतापर्यंतचं सगळं काम वाया. म्हणून उंच वस्तू पडद्यापासून निदान १०० मिलिमीटर पुढे, आणि दिवे पाहणाऱ्याच्या बाजूला, टेबलाच्या पुढच्या कडेवर, पट्टीच्या झालरीमागे लपवून. झालरीने पडद्याची वरची कडही झाकली जाते. रंग मिसळवताना हेच दिवे लावा. पिवळ्या बल्बखाली जमवलेला निळा पांढऱ्या एलईडीखाली वेगळाच दिसतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*फ्लेक्सवर आकाशाचा फोटो छापून लावला तर?*
लावता येतो, पण मॅट छपाईच घ्या. फोटोतला उजेड आणि उंची ठरलेली असते, ती तुमच्या दिव्यांशी जुळली पाहिजे. आणि फोटोतलं लांबचं झाड टेबलावरच्या झाडापेक्षा रेखीव दिसलं तर नजर मागेच अडकते.

*रूळ आधीच टाकलेत. आता?*
मग फळी बाहेर अंगणात किंवा गच्चीत रंगवून पूर्ण करा, गुंडाळता येईल अशी लवचीक शीट घ्या आणि टेबलामागून सरकवा. टेबल भिंतीपासून दोन फूट ओढता आलं पाहिजे.

*काम जमलं हे कसं ओळखायचं?*
ज्याला या छंदातलं काही माहीत नाही अशा माणसाला बोलवा आणि गाडी सुरू करा. तो गाडीबद्दल, पुलाबद्दल, बोगद्याबद्दल विचारेल. आकाशाबद्दल काहीच विचारलं नाही, तर आकाश जमलं.

पुढच्या वेळी रूळ. तोपर्यंत रोज संध्याकाळी पाच मिनिटं गच्चीवर जा आणि क्षितिजाजवळचा रंग पाहा. निळा म्हणून आपण जे गृहीत धरतो ते तिथे किती कमी असतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की डबा मिसळवताना हात आपोआप आवरता राहतो.