विश्लेषण : सेलशिवाय चालणारी जपानी घड्याळे इतकी का टिकतात? एचएमटी ‘जनता’शी त्यांचे नाते काय?

दिंडोरीच्या द्राक्षबागांमध्ये काम करणाऱ्याच्या मनगटावरील घड्याळाला रोज परीक्षा द्यावी लागते. फवारणीचे तुषार, धूळ, घाम आणि ट्रॅक्टर-दुचाकीचे हादरे त्याला चुकत नाहीत. तरीही अनेक घरांत वडिलांचे किंवा आजोबांचे चावीचे घड्याळ चावी देताच पुन्हा टिकटिक करू लागते. त्यावर ‘एचएमटी’ लिहिलेले असले, तरी आतल्या यंत्राचे मूळ जपानमध्ये आहे.

एचएमटी आणि जपानचा संबंध काय?

हिंदुस्थान मशीन टूल्स अर्थात एचएमटी ही सरकारी कंपनी १९५३ मध्ये सुरू झाली. जपानच्या सिटिझन कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने १९६१ मध्ये बेंगळूरुत तिचा घड्याळ कारखाना उभा राहिला. ‘जनता’ या चावीच्या घड्याळाच्या तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ आणि ‘पॅराशॉक’ असे शब्द दिसतात. पॅराशॉक हे धक्क्यांपासून संरक्षण करणारे सिटिझनचे तंत्र. क्वार्ट्झ घड्याळांच्या स्पर्धेत एचएमटी मागे पडली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिचा घड्याळ व्यवसाय बंद करण्यास मंजुरी दिली.

‘सिको ५’ मधील ‘५’ म्हणजे काय?

सिकोने १९६३ मध्ये ही मालिका आणली. हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणे, एकाच खिडकीत वार व तारीख, पाण्यापासून संरक्षण, चार वाजण्याच्या जागी बसवलेली चावी आणि मजबूत केस व पट्टा ही ती पाच वैशिष्ट्ये. दणकट घड्याळ सामान्य ग्राहकाला परवडले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता.

ही घड्याळे टिकतात कशामुळे?

घड्याळ पडले की सर्वात आधी धोका असतो तो बॅलन्स चाकाच्या आसाला. त्याची टोके केसाइतकी बारीक असतात. डायाशॉक किंवा पॅराशॉकमध्ये या टोकांखालचे कृत्रिम माणिक छोट्या स्प्रिंगवर बसवलेले असते. धक्का बसला की माणिक क्षणभर सरकते आणि पुन्हा जागेवर येते, त्यामुळे आस मोडत नाही. दुचाकीच्या शॉक ॲब्सॉर्बरसारखेच हे काम.

दुसरे कारण साधेपणा. सिकोची ‘मॅजिक लिव्हर’ ही रचना मोजक्याच भागांत, हात कोणत्याही दिशेने हलला तरी स्प्रिंग भरते. भाग कमी असल्याने बिघाडाच्या जागाही कमी.

१९९६ मध्ये आलेले सिकोचे ‘७एस२६’ यंत्र तासाला २१,६०० ठोके देते. म्हणजे दिवसाला ५ लाख १८ हजार ४००, तर वर्षाला सुमारे १८.९ कोटी ठोके!

मग वेळ अचूक असते का?

क्वार्ट्झइतकी नाही. ‘७एस२६’ साठी कंपनीनेच दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे इतकी मुभा ठेवली होती. पण दिवसाचे ८६,४०० सेकंद लक्षात घेतले, तर २० सेकंदांची चूक ०.०२ टक्क्यांच्या आसपासच भरते. या घड्याळांचा नावलौकिक अचूकतेपेक्षा टिकाऊपणावर उभा आहे.

जुने घड्याळ ऑनलाइन घेताना काय पाहावे?

रंगवलेली तबकडी आणि वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून भारतातून विकल्या जाणाऱ्या घड्याळांना जगभरातील संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ती चालतात, पण ‘ओरिजिनल’ म्हणून जास्त पैसे मोजले तर फसगत होते.

• केस घासलेली, पण तबकडी कोरी करकरीत असेल तर सावध व्हा.
• तबकडीवरील अक्षरे फिसकटलेली किंवा वाकडी आहेत का, ते फोटो मोठा करून पाहा.
• सिकोच्या मागच्या झाकणावरील पहिले चार अंक, उदा. ७००९, यंत्राचा क्रमांक सांगतात. तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरांत वेगळाच क्रमांक असेल तर भाग बदललेले असू शकतात.
• विक्रेत्याकडून आतल्या यंत्राचा फोटो मागा.

घरातले जुने घड्याळ कसे जपावे?

वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या घड्याळातील तेल सुकते. तसेच चालवत राहिल्यास चाके घासतात, म्हणून आधी सर्व्हिसिंग करून घ्यावे. मागे ‘वॉटर रेझिस्ट’ लिहिलेले असले तरी रबरी रिंग जुनी झाल्यावर त्यावर विसंबू नये; फवारणी करताना किंवा हातपाय धुताना घड्याळ काढून ठेवावे. काचेखाली बाष्प दिसल्यास लगेच कारागिराकडे न्यावे, कारण आत एकदा गंज धरला की यंत्र वाचवणे कठीण होते. घड्याळ अचानक खूप पुढे जाऊ लागले तर ते स्पीकर किंवा चुंबकाजवळ ठेवले होते का, ते आठवून पाहावे. चुंबकीय प्रभाव काढणे हे काही मिनिटांचे काम आहे.

एचएमटीचे सुटे भाग आता कारखान्यातून येत नाहीत. त्यामुळे दुरुस्तीसाठी दिलेल्या घड्याळातील कोणते भाग बदलले, हे विचारावे आणि काढलेले मूळ भाग परत मागून घ्यावेत.