आगाखान बक्षीस आणि सुटे प्लग

(अकोल्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)



आम्ही आज अमरावतीहून आलो. मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत अकोला जवळ आलं की शिवणीची धावपट्टी लागते. इथं नियमित प्रवासी विमान नाही, धावपट्टी लांब करायची चर्चा मात्र वर्षानुवर्षं चालू आहे. तिकडे आमच्या बेलोऱ्याला १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं विमान सुरू झालं. आणि विमानापेक्षाही जास्त बोललं जातं ते एअर इंडियाच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेबद्दल. वर्षाला १८० वैमानिक तयार करू, असं त्यांनी २०२४ मध्ये जाहीर केलं. तेव्हापासून आम्ही विमानाचं वेड असलेली चार माणसं कुठंही बोलायला गेलो की कार्यक्रम संपल्यावर एक बाप हमखास जवळ येतो. मुलगा किंवा मुलगी बारावीला असते. त्याचा प्रश्न आम्हाला पाठ आहे. तो शेवटी घेऊ.

पत्रिकेत विषय छापलाय 'विमानांच्या कसरती आणि शर्यती'. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाइलवर ती परदेशातली शर्यत पाहिली असेल, पाण्यावर उभ्या केलेल्या हवा भरलेल्या खांबांमधून तिरकं होऊन जाणारी छोटी विमानं. ती मालिका २००३ ते २०१९ अशी चालली. तिच्यात उडणारे बहुतेक जण आधी कसरतींचे विजेते. कसरतींची जागतिक स्पर्धा १९६० पासून होते. एक किलोमीटर लांब, रुंद आणि उंच अशी हवेतली पेटी ठरलेली असते, तिच्या आतच सगळं करायचं. खाली पंच बसलेले. गोल गिरकी अंडाकार झाली की गुण गेले. रेषा सरळ उभी नसली की गुण गेले. बघणाऱ्याला वाटतं हे धाडस, पण मोजली जाते ती भूमिती. गिरकीच्या तळाशी शरीर पाच-सहापट जड होतं, रक्त डोक्यातून खाली उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून पाय आणि पोट आवळून श्वास कसा धरायचा, याचाही सराव असतो. सराव म्हणजे तास. आणि तास म्हणजे पैसे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, आजचं सगळं बोलणं तिच्याभोवतीच फिरणार आहे.

आता आपल्याकडे या. भारतात विमानाच्या शर्यतीची सगळ्यात गाजलेली गोष्ट १९३० ची. १९२९ च्या शेवटी आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड, एकट्यानं, निघाल्यापासून महिन्याच्या आत जो भारतीय पहिल्यांदा पोचेल त्याला. तिघं उतरले. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनियर आणि जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे आपले जे.आर.डी.

तिघांचंही विमान जिप्सी मॉथ. दोन मजली पंखांचं, लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणलेलं, वर उघडं. रेडिओ नाही. नकाशा मांडीवर, होकायंत्र समोर, बाकी खाली दिसणारी नदी आणि रेल्वेचे रूळ. वेग ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटर, म्हणजे आपल्या समृद्धीवर गाड्या तेवढ्या पळतात. क्रॉयडन ते कराची अंतर आठ हजार किलोमीटरच्या आसपास. भागाकार करा, साठ तासांचं उड्डाण. आणि मुदत महिन्याची! मग अडचण कुठं होती? जमिनीवर होती. धुकं, वाळू, पेट्रोल मिळणं-न मिळणं, परवानगीचे कागद, बिघडलेलं इंजिन. ही शर्यत विमानापेक्षा विमानतळावर जास्त चालली, असं आमचं मत आहे.

मनमोहन सिंग रावळपिंडीचे. ब्रिस्टलला शिकायला गेले आणि तिथं विमानाच्या नादी लागले. त्यांनी विमानाला नाव दिलं 'मिस इंडिया'. इंग्रजीत 'मिस'चा दुसरा अर्थ हुकणं, आणि तिथल्या एका विमानविषयक साप्ताहिकाच्या संपादकानं लगेच कोटी केली की नावाप्रमाणं याचा भारत हुकणारच. बोचरी कोटी होती, आणि दुर्दैवानं थोडी खरीही ठरली. आधीचे प्रयत्न वाटेतच थांबले. शेवटी ते कराचीला पोचले खरे, पण महिन्याच्या अटीत बसले नाहीत.

अस्पी इंजिनियर तेव्हा सतरा वर्षांचा. सतरा! आपल्याकडे या वयाला गाडीचं लायसन्स मिळत नाही. १९३० च्या मार्चमध्ये आर. एन. चावला यांच्यासोबत तो कराचीहून इंग्लंडला उडत गेला. भारतातून इंग्लंडपर्यंत विमान नेणारे हे दोघं पहिले भारतीय. पण दोघं असल्यामुळं ते बक्षिसाला चाललं नाही. म्हणून २५ एप्रिलला पोरगा क्रॉयडनहून एकटा परत निघाला.

जे.आर.डी. उलटे, कराचीहून लंडनकडे. वय पंचवीस. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला होता, त्यावर आकडा होता एक. भारतात दिलेला पहिला परवाना.

आणि मग इजिप्तमधलं अबूकिर. अलेक्झांड्रियाजवळचा विमानतळ. जे.आर.डी. उतरले तर तिथं अजून एक मॉथ उभं. अस्पी अडकून पडलेला. का? स्पार्क प्लग.

इथं जरा थांबू. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जुनी लुना होती त्यांना प्लग म्हणजे काय हे सांगायला नको. काळा पडला की काढायचा, काचकागदानं घासायचा, फुंकर मारायची, परत लावायचा. मॉथच्या इंजिनाला सिलिंडर चार, पण प्लग आठ, प्रत्येक सिलिंडरला दोन. कारण आकाशात गाडी बाजूला घेता येत नाही. एक ठिणगी गेली तर दुसरी हवी. तेल आणि काजळी बसून प्लग मरत, म्हणून शहाणा वैमानिक सुटे प्लग सोबत ठेवायचा. अस्पीकडे ते नव्हते. जे.आर.डीं.कडे होते. त्यांनी दिले. दोघं आपापल्या दिशेनं गेले. ११ मे १९३० ला अस्पी कराचीला उतरला आणि बक्षीस त्यानं जिंकलं. जे.आर.डी. थोडक्यात हुकले.

ही गोष्ट शाळेच्या भाषणांत दिलदारीची गोष्ट म्हणून सांगतात. दिलदारी आहेच, तिला आम्ही कमी लेखत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या हातात शर्यत ठेवायला मन लागतं. पण आम्हाला तिच्यात दुसरं काहीतरी दिसतं. सुटे प्लग जवळ असणं हीही एक ऐपत आहे. त्या वेळी नवं जिप्सी मॉथ साडेसहाशे पौंडांच्या आसपास मिळायचं. बक्षीस किती? पाचशे. म्हणजे शर्यत जिंकून विमानाची किंमतसुद्धा निघत नव्हती! असली शर्यत कोण खेळणार? ज्याच्या मागं कोणीतरी उभं आहे तोच.

तिघांचं पुढं काय झालं ते या नजरेनं बघा. जे.आर.डीं.च्या मागं टाटांचं घर होतं. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते टपाल घेऊन पस मॉथ विमानानं कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबून मुंबईला जुहूत उतरले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे आले होते बैलगाडीतून. (हसू नका, आपल्याकडे कापसाच्या गाड्यांच्या रांगा तुम्ही पाहिल्यात, तशीच गाडी.) जुहूची जमीन पावसाळ्यात चिखल व्हायची, मग विमान पुण्याला उतरायचं. त्यातून पुढं एअर इंडिया झाली. बरोबर पन्नास वर्षांनी, १९८२ ला, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जे.आर.डीं.नी कराची ते मुंबई हा प्रवास जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा स्वतः केला.

मनमोहन सिंग यांना पतियाळाच्या महाराजांनी वैमानिक म्हणून ठेवलं. म्हणजे संस्थानाचा पैसा. पुढं महायुद्धात ते हवाई दलाच्या कामावर गेले आणि ३ मार्च १९४२ ला ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम बंदरावर जपानी हल्ला झाला त्यात मारले गेले. त्यांची आठवण कमी काढली जाते, याचं आम्हाला वाईट वाटतं.

आणि अस्पी? त्याचं उड्डाण सरकारनं उचललं. क्रॅनवेलला निवड झाली, १९३३ ला कमिशन, नंतर शौर्यासाठी डीएफसी. त्याचे तीन भाऊही हवाई दलात. १ डिसेंबर १९६० ला एअर मार्शल अस्पी इंजिनियर हवाई दलप्रमुख झाले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, दाभोळीच्या धावपट्टीवर आपल्या विमानांनी बॉम्ब टाकले, तेव्हा प्रमुख हेच. अबूकिरला प्लगसाठी अडून बसलेला पोरगा.

घर, संस्थान, सरकार. पैशाचे हे तीन रस्ते. संस्थानं गेली. घरचा पैसा मूठभरांकडे. म्हणून आपल्याकडे कसरती म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते हवाई दलच. आपल्या शेजारच्या बिदरला १९९६ मध्ये 'सूर्यकिरण' पथक उभं राहिलं, किरण विमानांवर. २०११ ला ते थांबलं, कारण ती विमानं प्रशिक्षणासाठी लागत होती. नंतर हॉक विमानांवर पुन्हा सुरू झालं. नऊ विमानं पंखाला पंख लावून जातात तेव्हा आपण टाळ्या वाजवतो, त्या प्रत्येकाच्या मागं शेकडो तासांचं इंधन सरकारनं जाळलेलं असतं. घरच्या पैशानं कसरतीचा विजेता व्हायचं तर काय लागेल, याचा हिशोब तुम्हीच करा.

आता तो बापाचा प्रश्न. 'सर, दोन एकर काढले तर होईल का हो पोराचं?'

आम्ही हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. व्यावसायिक परवान्याला आपल्या नियमानं २०० तास उड्डाण लागतं आणि खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. परवाना म्हणजे नोकरी नव्हे, मोठ्या विमानाचं प्रशिक्षण वेगळं, त्याचे पैसे वेगळे. तेव्हा क्रम असा ठेवा. बारावीला फिजिक्स आणि गणित आहे का बघा. मग मेडिकल. आधी क्लास टू, मग क्लास वन. हे फी भरायच्या आधी! डोळ्यांचा किंवा कानाचा दोष फी भरल्यावर कळलेली माणसं आम्हाला ठाऊक आहेत. मग संस्थेत जा आणि माहितीपत्रक बाजूला ठेवून विचारा: उडण्याच्या स्थितीतली विमानं आज किती? विद्यार्थी किती? मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याचे सरासरी किती तास झाले? पावसाळ्यात किती होतात? इंजिन उघडलं तर सुटा भाग किती दिवसांत येतो? बाप तिथं अवघडतो, कारण समोर गणवेशातला माणूस असतो. अवघडू नका. शिकणारा पोरगा जमिनीवर बसला की खोलीचं भाडं आणि बँकेचं व्याज चालूच राहतं.

आणि एनडीए, हवाई दलाची एएफकॅट, यांचे अर्ज त्याच वर्षी भरायला लावा. एनडीए बारावीच्या पोरांना, एएफकॅट पदवीनंतर. तिथं उडायला शिकवायचा खर्च सरकारचा. मुलींना एनडीए खुली झाली आहे, हे अजूनही खेड्यापाड्यांत बऱ्याच घरांत माहीत नाही.

मागं त्या ताईंनी हात वर केलाय. विचारा, ताई.