उतारवयातील स्मरणशक्ती आणि आहार

घरातील वडीलधारी मंडळी वस्तू ठेवून विसरू लागली, तेच तेच विचारू लागली की 'आता वय झाले' असे म्हणून आपण तिकडे दुर्लक्ष करतो. वयाबरोबर थोडे विस्मरण होते हे खरे. परंतु काही वेळा त्यामागे आहारातील उणीव असते आणि ती वेळीच भरून काढता येते.

ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव

रक्त तयार होण्यासाठी आणि मज्जातंतूंच्या आवरणासाठी ब-१२ जीवनसत्त्व आवश्यक असते. ते कमी पडल्यास विसरभोळेपणा, थकवा, हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे अशी लक्षणे दिसतात. उणीव बराच काळ राहिल्यास झालेली हानी पूर्णपणे भरून येईलच असे नाही.

प्रौढ व्यक्तीस रोज सुमारे दोन ते अडीच मायक्रोग्रॅम ब-१२ लागते. धान्य, डाळी व भाजीपाला यांतून ते मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. पाव लिटर दुधातून सुमारे एक, तर एका अंड्यातून सुमारे अर्धा मायक्रोग्रॅम मिळते. उतारवयात जठरातील आम्ल कमी झाल्याने अन्नातील ब-१२ नीट शोषले जात नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांतही ते कमी होऊ शकते.

गोठ्यात दुभती जनावरे असूनही सर्व दूध डेअरीला जाते आणि आजी-आजोबांच्या वाट्याला कोरा चहा व त्यात बुडवलेली चपाती येते, हे अनेक घरांतील चित्र आहे. दूध घालण्यापूर्वी प्रत्येक वृद्धासाठी अर्धा लिटर दूध घरी राखून ठेवावे. ते दूध, दही किंवा ताक या रूपात दिवसभरात द्यावे. दूध वारंवार उकळू नये. त्यामुळे ब-१२ काही प्रमाणात घटते.

रोजच्या ताटात काय असावे?

१) ज्वारी, बाजरी वा नाचणीची मऊ भाकरी. दात नसल्यास ताकातील आंबील किंवा मुगाची पातळ खिचडी.

२) दोन्ही वेळा घट्ट वरण, उसळ किंवा अंडे.

३) मेथी, पालक, तांदुळजा, शेवग्याचा पाला यांपैकी एक पालेभाजी आणि हंगामातील एखादे फळ.

४) एक-दोन चमचे जवसाची चटणी. जवस भाजून कुटावे. अखंड दाणे नीट पचत नाहीत. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली घ्यावी.

५) तहान लागली नाही तरी थोड्या थोड्या वेळाने पाणी. वृद्धांना तहान कमी जाणवते आणि पाणी कमी पडल्यासही गोंधळल्यासारखे होते.

मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाणी, डाळी व दूध यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

मीठ आणि साखर

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाशी निगडित १४ बाबी सांगितल्या. त्या आटोक्यात आणल्यास जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांत हा आजार टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. उच्च रक्तदाब व मधुमेह त्यांतच येतात. म्हणून दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी ठेवावे. लोणचे, पापड व खारवलेले पदार्थ यांतील मीठही त्यातच धरावे. दिवसातून अनेकदा होणारा गोड चहा कमी करावा.

हे लक्षात ठेवा

बदाम, ब्राह्मी वा महागडे टॉनिक यांपैकी कोणत्याही एकाच पदार्थाने स्मृतिभ्रंश टळतो, असे सिद्ध झालेले नाही. विस्मरण वाढत असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातील ब-१२, साखर व थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. ब-१२ फारच कमी असल्यास केवळ आहार पुरत नाही; गोळ्या किंवा इंजेक्शन घ्यावे लागतात. एक-दोन दिवसांतच अचानक भ्रम झाल्यास किंवा बोलणे अडखळल्यास वाट न पाहता दवाखाना गाठावा.

दुभत्या जनावराच्या खुराकाचा हिशेब आपण रोज ठेवतो. तितक्याच काळजीने घरातील वृद्धांच्या ताटात काय पडते, तेही रोज पाहावे.