बाईचे काम, गड्याचे काम



बेणे आणि खतांवर नेहमीच लिहितो. आज जरा वेगळे. अमुक काम बाईचे, अमुक गड्याचे, हे आपण शिकतो कुठे?

माझे चुलते परळला गिरणीत होते. एका खोलीत दहाबारा गडी, पाळीपाळीने झोपायचे. खानावळ बंद असली की तेच स्टोव्हवर भात टाकीत. गणपतीला गावी आले की मात्र पाण्याचा तांब्याही चुलतीने हातात द्यायचा. माणूस तोच, पण इथे बघणारे चार लोक होते ना!

गिरणीचेही तसेच. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे एक बाई असे. रिळिंग, वाइंडिंग ही खाती त्यांचीच. १९११ च्या कायद्याने बायकांची रात्रपाळी बंद झाली, १९२९ च्या कायद्याने बाळंतपणाचा भत्ता मालकावर आला. कायदे भल्याचेच. पण मालकांनी बायका घेणे कमी केले, यंत्रेही बदलली, आणि पुढच्या पिढीला गिरणी म्हणजे पुरुषाचेच काम वाटू लागले.

त्याच लालबाग-परळात बायका घरोघर खानावळी चालवीत. वीसवीस माणसांचा स्वयंपाक, उधारीची वही, वाण्याशी हुज्जत. तरी त्याला धंदा कोणी म्हणेना. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेची कर्जे मिळवून दिली, तेव्हा कुठे तो धंदा ठरला.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. चुलते गावी परतले. शेत तोवर चुलतीच बघत होती. पाण्याची पाळी, सरी किती फुटांची, हे चुलत्यांना तिलाच विचारावे लागे. चारचौघांत विचारीत नसत, रात्री जेवताना विचारीत. पन्नाशीच्या माणसाला ते जड गेले. चुलतभाऊ तेव्हा दहा वर्षांचा. तो बांधावरूनच ओरडून आईला विचारी, आणि आज बायकोलाही तसेच विचारतो.

आता आपल्या कामाचे. कांडी तोडणे, डोळा बघून लावणे हे आपल्याकडे बहुतेक बायकाच करतात. बेणेप्रक्रियेच्या शिबिराला मात्र पुरुष येतात आणि घरी अर्धेच सांगतात. मग औषधाचे प्रमाण चुकते, उगवण विरळ होते. पुढच्या शिबिराला लावणीच्या बायकांना पाठवा, कॉलेजातल्या मुलीही चालतील. वेळ दुपारी दोनची ठेवतो, म्हणजे धारेच्या आत घरी पोचता येईल.

— ऊस विकास अधिकारी