शेऱ्यानंतरचा दुसरा खर्डा

तपासलेली निबंधाची वही हातात आली की मूल आधी गुण बघतं, मग लाल खुणा किती आहेत ते बघतं, आणि वही दप्तरात जाते. खाली लिहिलेलं ‘लेखन सुधारा’ वाचलं तरी नेमकं काय सुधारायचं हे त्याला कळत नाही. कळलं तरी उपयोग नसतो, कारण पुढच्या तासाला नवा विषय येतो आणि हा निबंध पुन्हा कोणी उघडत नाही. मुलांना स्वतःचं काही लिहायचा धीर होत नाही, ती गाइडमधले निबंध पाठ करतात, अशी तक्रार शिक्षक आणि पालक दोघेही करतात. तक्रार खरी आहे. पण तिचं एक मोठं कारण शेरा कधी दिला जातो यात आहे, असं मला वाटतं. लिहून संपल्यावर आलेला शेरा मुलाला निकालासारखा वाटतो. तोच लिहिणं चालू असताना मिळाला, तर त्यातून काही करता येतं.

‘हे मला जमेल’ हा विश्वास कुठून येतो, याची मांडणी अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली केली. दुसऱ्याने दिलेला धीर, दुसऱ्याला जमलेलं पाहणं, स्वतःच्या मनाची-शरीराची त्या वेळची अवस्था, हे सगळं त्यात येतंच. पण सगळ्यात भक्कम आधार स्वतः एखादी गोष्ट करून ती जमल्याच्या अनुभवाचा असतो. लेखनापुरतं बोलायचं तर कालचा फसलेला परिच्छेद आज आपल्याच हातून नीट उतरला, हा तो अनुभव. एकदाच लिहून वही जमा करणाऱ्या मुलाला तो मिळणार कसा? नुसत्या शाबासकीने ही उणीव भरत नाही.

अभिप्राय दिला की सुधारणा होतेच, हाही समज तपासून घ्यावा. क्लुगर आणि डेनिसी यांनी 1996 साली शाळा, कामाची ठिकाणं, प्रयोगशाळा अशा सगळीकडच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक निष्कर्षांत अभिप्रायानंतर कामगिरी उलट घसरली होती. लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ याकडे वळलं की असं होतं, असं त्यांचं म्हणणं. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला, 1988 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याच दिशेने बोट दाखवतो. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. फक्त शेरे मिळालेल्यांची गोडी आणि काम दोन्ही वाढलं. गुण आणि शेरा एकत्र मिळालेली मुलं मात्र फक्त गुण मिळालेल्यांपेक्षा पुढे गेली नाहीत. शेजारी गुण असले की शेरा वाया गेला. तिथली कामं निबंधाची नव्हती, हे मान्य. पण आपल्या वह्यांमध्येही गुण आणि शेरा शेजारीशेजारीच असतात.

निबंधावरचा प्रयोग अमेरिकेतला आहे. येगर, कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली तो प्रसिद्ध केला. सातवीच्या मुलांनी आपल्या आवडत्या आदर्श व्यक्तीवर निबंध लिहिले आणि शिक्षकांनी ते नेहमीसारखे तपासले. मग काही वह्यांना एक चिठ्ठी जोडली: माझ्या तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू त्या पुऱ्या करशील हे मला माहीत आहे, म्हणून हे शेरे लिहिले आहेत. उरलेल्या चिठ्ठ्यांवर साधा मजकूर होता. साधी चिठ्ठी मिळालेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी 17 टक्क्यांनी निबंध पुन्हा लिहून दिला. अपेक्षांची चिठ्ठी मिळालेल्यांपैकी 70 टक्क्यांहून अधिक मुलांनी. मुलं मोजकी होती, त्यामुळे चिठ्ठीला जादू समजू नये. तिच्यामागची व्यवस्था मला जास्त महत्त्वाची वाटते: निबंध परत लिहायची संधी प्रत्येकाला होती. ती नसती तर ती चिठ्ठी कोरडीच राहिली असती.

आपल्याकडे हे कसं दिसेल? समजा, ‘माझा आवडता ऋतू’ या निबंधात मोर नाचतो, धरती हिरवा शालू नेसते, अशा पाठ केलेल्या ओळींमध्ये एका मुलीने लिहिलं: ‘आमच्या घरात पाणि शिरतं मग आई रात्रि झोपत नाही.’ साऱ्या निबंधात तिची स्वतःची ओळ एवढीच, आणि गोल पडतात नेमके तिच्यावर. पुढच्या वेळी ती मोरच नाचवेल; त्याच्या शुद्धलेखनाची खात्री असते. त्याऐवजी समासात ‘आई रात्रभर काय करते? इथे चार ओळी आणखी लिही’ एवढंच लिहून वही परत दिली, तर कुठली ओळ मोलाची आहे हे तिला समजेल.

मग शुद्धलेखन सोडून द्यायचं का, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पुढे अर्ज लिहिताना, परीक्षा देताना तिला प्रमाण मराठी लागणारच. पण त्याची पाळी दुसऱ्या खर्ड्यानंतर यावी, आणि एका वेळी एकच नियम घ्यावा. ‘पाणि’ आणि ‘रात्रि’ या दोन्ही चुका शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ, या एका नियमाने सुटतात. ज्या घरांत अहिराणी, वऱ्हाडी किंवा गोंडी बोलली जाते, तिथल्या मुलांसाठी ही सबुरी आणखी गरजेची आहे. पहिल्याच खर्ड्यात प्रत्येक ओळ लाल झाली, तर आपली भाषाच चुकीची आहे असं त्यांना वाटू लागतं.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. वर्गात साठ मुलं आणि वर शाळाबाह्य कामं, तिथे दोनदा तपासायचं कधी? 2010 साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद ठेवायची होती. पुढे अनेक ठिकाणी तयार नोंदी उतरवून काढल्या गेल्या. शिक्षकांवर आणखी ओझं टाकलं तर यातही तेच होईल. म्हणून निबंधांची संख्या कमी करावी लागेल. सत्रात आठ निबंध एकेकदा लिहून घेण्याऐवजी चारच घ्यावेत आणि प्रत्येक दोनदा लिहून घ्यावा. पहिल्या वाचनात गुण देऊ नयेत, एकच प्रश्न विचारावा; गुण दुसऱ्या खर्ड्याला द्यावेत. वाचायची पानं तेवढीच राहतात, आणि पहिलं वाचन चुका मोजण्यापेक्षा लवकर होतं. मुख्याध्यापकांनी आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी मात्र वहीत किती निबंध झाले हे मोजायचं थांबवायला हवं, नाहीतर कुठलाही शिक्षक हा धोका पत्करणार नाही.